टाकीच्या कपाटातली बासरी

मॅलकी गिलरेन प्लास्टिकच्या खिडक्या विकतो. आमच्या दक्षिण लायट्रिम भागात त्याने फारशी घरे सोडलेली नाहीत. माझ्याकडेही आला होता. आईच्या वेळच्या लाकडी चौकटीवर बोटाने टकटक करत म्हणाला, "बाई, लाकूड म्हणजे डोक्याला ताप. फुगतं, आकसतं, तडकतं. प्लास्टिक बसवा आणि विसरून जा." मी बसवले. त्याचे बोलणे मात्र विसरले नाही.

मॅलकीला मी चौथीत शिकवले आहे. उत्तर चुकले की तो तेच उत्तर मोठ्याने सांगायचा. चाळीस वर्षांत त्याचा आवाज तेवढा वाढला.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी मुलांना आडवी बासरी शिकवू लागले. त्याची मुलगी साइव्ह तीन वर्षे माझ्याकडे येत होती. वय अकरा. बोटे पुष्कळांची चालतात, पण एक सूर संपल्यावर ही मुलगी पुढच्यावर झडप घालत नाही, आधीच्याला नीट बसू देते. हे मी तिला शिकवलेले नाही. शिकवता आले असते तर इतर अकरा जणांना शिकवले नसते का?

ती माझी जादाची बासरी वाजवायची. काळ्या प्लास्टिकची, पण एका चांगल्या कारागिराने लेथवर घडवलेली. ती सायकलवरून खड्ड्यात पडली आहे, भांड्यांबरोबर मोरीत धुतली गेली आहे, माझ्या कुत्र्याने एकदा तिचे टोक चावले आहे. सूर अजून सरळ लागतो.

सप्टेंबरात एका दुपारी मॅलकी शिकवणी चालू असतानाच आत आला.

"बाई, माझी मुलगी पन्हळीचा पाइप वाजवते असं लोक म्हणायला लागलेत."

"कोण लोक?"

"लोक."

म्हणजे त्याच्या घरासमोरचा पॅकी मॅकवीनी. पॅकीने नातवाला काळ्या लाकडाची बासरी घेतली होती आणि रविवारी प्रार्थनेनंतर ती सगळ्यांच्या हातात देऊन वास घ्यायला लावला होता. नातवाला अजून एकही धून पूर्ण येत नाही. पण वास उत्तम होता म्हणे.

"मी लाकडाची घेणार," मॅलकी म्हणाला, "आणि मे महिन्यात फ्ला आहे. तिथे पहिल्या दोघांत आली, तर चालू दे. नाही आली, तर हे सगळं बंद. मी एक तट्टू बघून ठेवलंय तिच्यासाठी."

फ्ला म्हणजे आमची जिल्ह्याची संगीत स्पर्धा. पहिल्या दोघांना पुढची फेरी मिळते. साइव्हने बासरी मांडीवर ठेवली आणि माझ्याकडे पाहिले. तिला घोड्यांची भीती वाटते. हे मला ठाऊक होते, गावाला ठाऊक होते.

शनिवारी आम्ही तिघे कॉर्मॅकच्या कारखान्यात गेलो. कारखाना म्हणजे तलावाकाठची एक शेड, जुन्या लाकडी खिडक्यांची. कॉर्मॅक दोन्ही प्रकारच्या बासऱ्या करतो. त्याने टेबलावर टॉवेल पसरून तीन ठेवल्या, दोन लाकडी आणि एक प्लास्टिकची, दिसायला तिन्ही सारख्याच काळ्या. "आतलं माप तिन्हींचं एकच," तो म्हणाला. "वाजव, पोरी."

तिने तिन्हींवर तीच संथ धून वाजवली. मग पहिली आणि तिसरी पुन्हा. "ही आणि ही सारख्याच आहेत. मधली जरा चिडकी आहे."

"तिसरी प्लास्टिकची आहे," कॉर्मॅक हसला. "आणि मधली खरंच चिडकी आहे. तिची फुंक अजून बसायची आहे."

"हिला काय कळतंय," मॅलकी म्हणाला. "हिला शाळेतले माशांचे तुकडेसुद्धा आवडतात." त्याने एकेक बासरी नाकाशी धरली. खिडक्या विकणारा माणूस वाद्य असे निवडतो, हे मी प्रथमच पाहत होते. "ही. हिच्यात जंगल आहे."

"तिच्यात बदामाचं तेल आहे," कॉर्मॅक म्हणाला.

मॅलकीने ती घेतली. कॉर्मॅकने बरोबर निगेच्या सूचनांचा एक छापील कागद दिला आणि तोंडीही सांगायला लागला, की पहिला महिना रोज दहाच मिनिटे वाजवायची, आतून पुसायची. पण मॅलकी ऐकत नव्हता. तो शेडच्या खिडक्या मोजत होता. कागद उलटा करून त्याने पाठीवर मापे लिहिली, खाली किंमत टाकली, आणि "विचार कर, या चौकटी दोन वर्षंही टिकायच्या नाहीत," असे म्हणून तो कागद कॉर्मॅकच्याच हातात ठेवला. आम्ही बासरी घेऊन निघालो. कागद तिथेच राहिला. मी पाहिले होते.

नोव्हेंबरात त्यांच्याकडे चहाला गेले. मनुकांचा पाव कापला गेला. मग मॅलकी मला जिन्याजवळ घेऊन गेला आणि त्याने टाकीचे कपाट उघडले.

हे कपाट आमच्याकडे घरोघर असते. तळाला गरम पाण्याची तांब्याची टाकी, वर फळ्या. वर्षातले तीनशे दिवस जिथे पाऊस, तिथे जे जे जिवाभावाचे ते ते या कपाटात जाते: चादरी, बाळाचे कपडे, लग्नातले हातमोजे, पासपोर्ट. आणि तिथे, दोन टॉवेलांच्या मध्ये, टाकीला जवळजवळ टेकून, साइव्हची बासरी निजली होती. कपाटातून भट्टीसारखी ऊब आली.

"दमट हवेचा थेंबसुद्धा लागू देत नाही," मॅलकी म्हणाला. "पाहुणे आले की काढायची, पुसायची, परत आत. सराव तिचा ती त्या दुसरीवर करेल."

बासरीच्या डोक्यात आतून धातूची नळी असते. उष्णतेने लाकूड सुकून आकसते, धातू आकसत नाही. पुढे काय होते हे सांगायला मी तोंड उघडले.

"तुमच्या पाइपला हे लाड परवडले नसते, बाई," तो म्हणाला आणि स्वतःच हसला.

मी तोंड मिटले. मनात म्हटले, ठीक आहे, बाबा, कळेल तुला. पावाचा आणखी एक तुकडा घेतला. लोणीही लावले, चांगले जाड.

मे आला. फ्लाच्या आदल्या दिवशी साइव्ह सायकलवरून आली, भिजलेली, छातीशी टॉवेलाची गुंडाळी. स्वयंपाकघराच्या टेबलावर तिने ती उलगडली. डोक्याच्या भागाला वरपासून फुंकायच्या छिद्रापर्यंत चीर होती. पोस्टकार्ड आत जाईल एवढी.

"मी काही नाही केलं, बाई. उद्यासाठी काढली तर अशीच होती. खालचा सूर लागतच नाही."

"मला माहीत आहे, तू काही केलं नाहीस."

"तुम्हाला कसं माहीत?"

तीन वर्षे मी या मुलीला सांगत आले होते, की चुकीचा सूर लागला तर लपवू नकोस, थांब आणि कुठे चुकलं ते बघ. आता ती थांबली होती आणि बघत होती.

"नोव्हेंबरात मी ती कपाटात पाहिली होती," मी म्हणाले. "तडकणार हे मला तेव्हाच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझ्या बाबांनी माझ्या बासरीला पाइप म्हटलं म्हणून."

तिने यावर विचार केला. "ते सगळ्यांच्याच वस्तूंना काहीतरी म्हणतात," ती म्हणाली. मग चिरेवर बोट ठेवून, "पण ही माझी होती ना."

मॅलकीला हसण्यासाठी मी सहा महिने मनात जे जपून ठेवले होते, ते त्या क्षणी माझ्याच टेबलावर पडले होते. हसण्यासारखे त्यात काही नव्हते.

"उद्या प्लास्टिकची वाजव," मी म्हणाले. "तिला तुझा श्वास ठाऊक आहे. स्पर्धा झाली की बाबांना मी सांगेन. कपाटाचं आणि माझंही."

"माझं मी सांगेन," ती म्हणाली. "तुमचं तुम्ही सांगा."

फ्ला शाळेच्या सभागृहात होती. परीक्षक लाँगफर्डहून आलेला, पेन्सिलीला टोक नसलेला. पॅकीचा नातू आधी वाजवून गेला. सुरुवात करून थांबला, पुन्हा सुरुवात करून पुन्हा थांबला, आणि पॅकी एकटाच टाळ्या वाजवत राहिला. मग साइव्ह. तिने ती संथ धून घेतली. मधल्या लांब सुरावर मागच्या रांगेतले खोकणारेसुद्धा थांबले.

मॅलकी माझ्या शेजारी होता. त्याने पॅकीला कोपराने ढोसले. "ऐक, ऐक. लाकूड बोलतंय बघ."

"बोलतंय खरं," पॅकी पडलेल्या आवाजात म्हणाला.

कुत्र्याने चावलेले टोक आमच्याच दिशेला होते. मी काही बोलले नाही, पण या वेळी का बोलत नाही हे मला नीट माहीत होते.

साइव्ह दुसरी आली. गाड्या उभ्या होत्या तिथे मॅलकी हात पुढे करून उभा राहिला. "दे इकडे. आधी घरी, कपाटात."

"ही कपाटात जात नाही, बाबा. ही बाईंची आहे. आपली तडकलीय."

त्याने ती हातात घेतली, नाकाशी नेली. मग खाली वाकून चावलेले टोक पाहिले. त्याचा चेहरा चौथीतला झाला, फळ्यासमोर उभे केल्यावर व्हायचा तसा. पॅकी दोन गाड्या सोडून उभा होता.

"तडकणारच," मॅलकी मोठ्याने म्हणाला. "लाकूड आहे ते. वीस वर्षं लोकांना हेच सांगतोय मी."

"मॅलकी," मी म्हणाले, "तू ती टाकीला टेकवून ठेवली होतीस. मी पाहिलं होतं. चूक आहे हे मला माहीत होतं, आणि तू माझ्या बासरीला नावं ठेवलीस म्हणून मी गप्प बसले."

"तुम्ही? बाई?"

"मी."

"तट्टू?" साइव्हने विचारले.

"दुसरी आलीस ना," तो म्हणाला. "माझा शब्द आहे." आणि मग हळूच, "तसंही ते एका पायाने जरा लंगडतं."

सोमवारी आम्ही पुन्हा तलावाकाठी गेलो. कॉर्मॅकने चिरेवरून नख फिरवले. पिना घालून ती बंद होईल, म्हणाला, पण दोन महिने लागतील. मॅलकी घड्याळ पाहू लागला. "घाई नाही," साइव्ह म्हणाली.

कॉर्मॅकने खिडकीशेजारच्या खिळ्यावरून एक कागद काढला. एका बाजूला मॅलकीच्या हातची मापे आणि किंमत होती. "हा तुझा राहिला होता. भाव वाचून मधूनमधून हसायला ठेवला होता मी."

मॅलकीने हात पुढे केला, पण कागद साइव्हने घेतला. परत येताना ती मागच्या सीटवरून मोठ्याने वाचत होती. पुढे आम्ही दोघे, सरळ बसून, समोर बघत.

"कलम एक," ती म्हणाली. "उष्णतेजवळ ठेवू नये." मग थांबली. "बाबा, ऐकलं?"

"ऐकलं."

"बाई?"

"ऐकलं," मी म्हणाले.

"बरं. कलम दोन."