हिलाराच्या आईचं नाव

खोटं कशाला बोलू, हिलाराला पाहिलं की माझ्या पोटात दुखायचं. आमच्या नोला गावात वेशीजवळ वीस वर्षं माझी खाणावळ. दगडी ओट्यात पुरलेले रांजण, त्यात चणे, मसूर, मध घातलेला गरम द्राक्षरस. आणि या विशीतल्या पोरीनं बरोब्बर समोर दुकान थाटलं! गिऱ्हाइकं गेली ती गेली, पण माझा नवरा विबियससुद्धा रोज दुपारी रस्ता ओलांडून तिच्याकडे मसूर ओरपायला जायला लागला.

"अगं ओविया, काय चव आहे पोरीच्या हाताला!" तो बोटं चाटत म्हणाला.

"हाताला की आणखी कशाला? घरची बायको काय मेली?"

"तूही ये की जेवायला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी शिशाचा पत्रा घेतला आणि तडक चौकातल्या थालस लेखनिकाकडे गेले. शाप कोरून घ्यायचा, पत्रा गुंडाळून झऱ्यात टाकायचा, पुढचं पाताळातले देव बघतात.

"तिचे पाय सुजू देत, जीभ लुळी पडू दे, मसूर करपू दे," मी म्हटलं. "एक अक्षर गाळू नकोस."

"तिच्या आईचं नाव?"

"ते कशाला?"

"गावात सहा हिलारा आहेत, ओवियाबाई. आईचं नाव नसलं तर देव भलतीचेच पाय सुजवतात. मागे एकानं असंच केलं, तर त्याचीच बहीण अंथरुणाला खिळली."

आता आली का पंचाईत! गरजवंताला अक्कल नसते. दुसऱ्या दिवशी खसखस लावलेल्या मधाच्या वड्या घेऊन मी तिच्या दारात उभी. पहिल्या दिवशी तिचं तेल कुठून येतं ते कळलं, दुसऱ्या दिवशी तिच्या गुडघ्याचं दुखणं. आईचा विषय काही निघेना. वड्या मात्र मेलीनं सगळ्या संपवल्या.

तिसऱ्या दिवशी मी सरळच विचारलं, "काय गं, तुझ्या आईचं नाव काय?"

तिच्या हातातला डाव थांबला. "माहीत नाही, मावशी. मला उकिरड्यावर टाकलं होतं. एका दाईनं उचललं आणि मोठी झाल्यावर गुलाम म्हणून विकलं. मालक मेला तेव्हा सुटले." तिनं पदरानं डोळे पुसले. "आजवर कुणी विचारलंच नव्हतं. तुम्हीच पहिल्या."

मला जमिनीनं गिळलं असतं तर बरं झालं असतं. पण मत्सर कसला निर्लज्ज! घरी येते तो विबियस म्हणाला, "आज मसूर जरा जास्तच छान होता." झालं, पुन्हा आग! बिनआईची तर बिनआईची. सकाळी पत्रा घेऊन मी परत थालसच्या पुढ्यात.

"आईच नाही तिला," मी म्हटलं. "तसंच लिही."

"नाही कशी? आत्ताच येऊन गेली ती. अंत्यविधी मंडळात नाव घालायला, वर्गणी भरली की ते थडगं बांधून देतात. मेल्यावर थडग्यावर आईचं नाव हवं म्हणाली." त्यानं मेणाची पाटी माझ्यासमोर धरली. "हिलारा, ओवियाची लेक. वेशीजवळच्या ओवियाची."

मला अक्षर वाचता येत नाही. मी पाटीकडे बघतच राहिले. बाविसाव्या वर्षी एक पोर पोटातच गेली, नंतर कूस उजवली नाही. मला कुणी कधी आई म्हणून लिहिलं नव्हतं.

"मग, कोरू?" थालसनं लेखणीचं टोक पत्र्यावर टेकवलं. "हिलारा, ओवियाची लेक, हिचे पाय..."

"हात मोडेन तुझा!" मी पत्रा हिसकावून घेतला.

परत आले तर विबियस समोरच्या ओट्याला रेलून खात होता, आणि ती हसत त्याला वाढत होती. पोटात पुन्हा कळ आलीच. मत्सर कसला जातोय इतक्यात! मी रस्ता ओलांडला.

"लेकीच्या घरी असं उभ्यानं खातात का?" मी नवऱ्यावर ओरडले. "बसा नीट. आणि डोळे वाडग्यात ठेवा!"

विबियसला ठसका लागला. हिलारा लालबुंद झाली. डाव तसाच धरून अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, "आई, तुम्हालाही वाढू?"