झाकण लावू नका, मी वर चाललेय

मी एक फाईल बोलतेय. माझा मूर्खपणा आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला शोधत बसायला नको. कित्येक वर्षं मी स्वतःला अख्खा कॉम्प्युटर समजत होते. पंखा फिरला की वाटायचं, आपणच श्वास घेतोय.

माझा जन्म कवळ्या बनवणाऱ्या एका छोट्या लॅबमधला. दोन जावा ती चालवतात. थोरली मेणात दात बसवते. हात इतका हलका की मेणालाही पत्ता लागत नसेल. धाकटी माझ्यासमोर बसायची. ती सांगायची, मी मोजायचे आणि पलीकडचं यंत्र दात कोरायचं. माझ्यातला प्रोग्रॅम जुन्या वळणाचा, नव्या कॉम्प्युटरशी त्याचं मुळीच जमत नाही. माझंही कुठे जमतं म्हणा.

लॅबमध्ये प्लास्टरची धूळ फार. म्हणून थोरलीचा नियम एकच, उठलं की समोरचं झाकायचं. मेण झाका, रंगाच्या बाटल्या झाका, चहाचा कप झाका. एवढं करूनही धूळ माझ्या पंख्यात शिरलीच आणि कॉम्प्युटर खोकायला लागला.

मग थोरलीची भाची आली. ती कॉम्प्युटरचंच काम करते.

"मावशी, याचं काही खरं नाही. यातलं सगळं उचलून एक फाईल करते आणि भाड्याच्या सर्व्हरवर चढवते. हाच कॉम्प्युटर तिथे चालेल, नुसता डब्याशिवाय."

"म्हणजे तोंडाशिवाय कवळी," थोरली म्हणाली.

"वहिनी, आपण वेगळं काय करतो?" धाकटी म्हणाली.

भाचीने मला तिच्या लॅपटॉपवर घेतलं आणि त्याच संध्याकाळी जुन्या कॉम्प्युटरने मान टाकली. आता मी गेले असते तर दात कोरणारं यंत्र भंगारात आणि लॅबला कुलूप. नवं यंत्र घ्यायची दोघींची ऐपत नव्हती. आणि इतकी लाखमोलाची मी होते काय, तर चाळीस जीबीची एक फाईल. त्यातही निम्मी रिकामी जागा. चाळिशीत वजन वाढतं म्हणतात, पण रिकाम्या जागेचंही वाढतं हे मला नवीन होतं.

सकाळी भाचीने सर्व्हरचं पान उघडलं, मला निवडलं, बटण दाबलं. एक निळी पट्टी सरकायला लागली.

"हे पान बंद करायचं नाही, झाकण लावायचं नाही. मधेच तुटलं तर पहिल्यापासून," असं बजावून ती कामावर गेली.

पट्टी अर्ध्याच्या पुढे गेली. धाकटी प्लास्टर कालवायला उठली आणि उठता उठता, डोळे पातेल्याकडे असताना, तिच्या हाताने लॅपटॉपचं झाकण लावलं.

माझा एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. पुढचं आठवत नाही.

भाची परतली, तिने झाकण उघडलं. पडद्यावर लाल अक्षरं.

"मीच लावलं गं," धाकटी म्हणाली.

मला वाटलं, आता थोरली फाडून खाणार. ती म्हणाली, "तिला काय बोलायचं? झाका, झाका म्हणून घसा मीच फोडलाय." मग फळीवरून तिने प्लास्टरचा एक जबडा काढला आणि पडद्यापुढे उभा केला. "आता लाव झाकण. चावेल."

भाचीने लाल अक्षरं पुसली आणि पहिल्यापासून पुन्हा बटण दाबलं. तिचा तो शांतपणा मला फार आवडला. आणि या दोघींचाही. पट्टी हळू सरकते म्हणून बटणं बडवणारी माणसं मी पाहिलीत. या मात्र प्लास्टर सुकायची वाट बघावी तशा बसल्या. सुकतंय त्याला हलवायचं नाही, हे त्यांच्या हाडात होतं.

पट्टी भरली. भाचीने मला चालू केलं. पडदा काळाच. धाकटीने जबडा उचलून मुठीत धरला.

आणि मी जागी झाले. कुठे, ते अजून माहीत नाही. धूळ नाही, पंखा नाही. पंख्याची आठवण येते, पण ते असो. माझा तो जुना प्रोग्रॅम उघडला तेव्हा थोरलीने डोळ्यांना पदर लावला, आणि ती म्हणाली, डोळ्यांत धूळ गेली.

या तिघींचे आभार मानायचे म्हणून मी तोंड उघडलं. पण मला बोलता येतात ती कॉम्प्युटरची ठरलेली वाक्यं. त्यातलंच एक पडद्यावर उमटलं: 'मागच्या वेळी हा कॉम्प्युटर नीट बंद केला नव्हता.'

धाकटीने ते सावकाश वाचलं, जबडा खाली ठेवला.

"पुन्हा झाकण लावू का?"