लवंगेचा वास

मुख्य परिचारिका वुर्यानीने झाडूवाल्या तुकिनेमची कापडी पिशवी मेजावर उपडी केली. एक सारोंग, केळीच्या पानात बांधलेला भात, अंगाला चोळायच्या तेलाची बाटली. सिगरेट नाही. काडेपेटीसुद्धा नाही.

"काय शोधताय, बू?" दारात ओलं फडकं घेऊन तुकिनेम उभी होती. वरच्या बाईंना तिथे 'बू' म्हणायची रीत होती.

"लवंग घातलेली सिगरेट. रोज दुपारी या खोलीत तुमचा धूर भरलेला असतो."

"मी ओढत नाही."

"मग काय भूत ओढतं?"

क्षयाच्या वॉर्डाला लागून असलेली ही परिचारिकांची खोली. मास्क काढून चार घास खायची तेवढी एकच जागा. आणि मार्चपासून दोघी परिचारिकांना क्षयाने गाठलं होतं. काल तिसरीचा, रेत्नोचा अहवाल आला. रेत्नो पाच महिन्यांची गरोदर. ती पोर वुर्यानीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली होती.

तुकिनेम झाडलोटीला लागली फेब्रुवारीत. तिला खोकलाही होता. थुंकीची तपासणी दोनदा स्वच्छ आली, तरी वुर्यानीच्या मनात पाल चुकचुकायची थांबेना. दुसऱ्याच कुणाची थुंकी दिली नसेल कशावरून? आपल्या खुर्चीत बसून धूर सोडते, तशी आपल्याच पेल्यातून पाणीही पीत असेल. एकदा संशय शिरला की माणसाचं साधं हसणंसुद्धा खोटं वाटायला लागतं. तुकिनेमला कामावरून काढायचं पत्र वुर्यानीच्या खिशात तयार होतं. दोन वाजता ते कार्यालयात द्यायचं होतं.

तुकिनेमला त्याची कुणकुण लागलेली असावी.

"काढायचं तर काढा, बू. पण असा आळ घालून नको. रोग पसरवणारी म्हटल्यावर मला या गावात दारात तरी कोण उभं करील?"

"आळ नाही हा. तुम्ही आलात आणि मुली आजारी पडायला लागल्या."

तुकिनेम काही बोलणार, तेवढ्यात वास आला. लवंगेचा, गोडसर.

तुकिनेम समोरच होती. दोन्ही हातांत फडकं, त्यातून पाणी ठिबकत होतं.

दोघींनी एकदमच वर पाहिलं. वॉर्डाकडची भिंत छतापर्यंत पोचत नव्हती, वर हातभर फट होती. त्या फटीतून निळसर धूर आत उतरला, रेत्नोच्या खुर्चीवरून, पालथ्या पेल्यांवरून सरकत गेला आणि समोरच्या भिंतीतल्या, हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्याने तो ओढून घेतला.

वुर्यानी मास्क चढवून धावतच पलीकडे गेली. तुकिनेम मागोमाग. भिंतीलगतच्या खाटेवर म्हातारा कार्यो थोटूक विझवत होता. जन्मभर तंबाखू पिकवलेला माणूस.

"लाज नाही वाटत? फुप्फुसांची चाळण झालीय तुमच्या!"

"रागावू नका, बू." तो खोकला, बराच वेळ खोकला. "बाहेर जावा म्हणून मुद्दाम झरोक्याखाली बसतो. मागल्या वर्षी होतो, तेव्हा कसा सरळ बाहेर जायचा! यंदा जातच नाही मेला."

वुर्यानीने झरोक्यांकडे पाहिलं. जुन्या बांधणीचे लांबट झरोके, सगळे जाड कागद चिकटवून बंद केलेले. म्हणजे वॉर्डातली सगळी हवा, रोग्यांच्या खोकल्यासकट, त्या धुरासारखीच परिचारिकांच्या खोलीत जात होती.

"हे कुणी बंद..." तिचं वाक्य तिथंच राहिलं.

जानेवारीत डोंगरावरचा वारा आत घुसायचा. अंगात वारा शिरून आजार वाढेल म्हणून रोग्यांचे नातेवाईक रोज भांडायचे. आणि खरं सांगायचं तर धास्ती वुर्यानीलाही होतीच. लहानपणी आईने नाण्याने पाठ लाल होईस्तोवर घासून तिच्या अंगातला वारा काढला होता. शिकली, मुख्य परिचारिका झाली, पण ती धास्ती काही गेली नाही.

कागदावर निळ्या शाईत मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहिलं होतं.

"मला वाचता येत नाही," तुकिनेम मागून म्हणाली. "काय लिहिलंय, बू?"

"'उघडू नये.'"

"आणि त्याच्याखाली?"

वुर्यानीचा हात खिशातल्या पत्रावर गेला. पत्र चुरगळल्याचा आवाज तुकिनेमलाही ऐकू आला असेल.

"माझी सही."

तुकिनेमने फडकं बादलीत टाकलं. कोपऱ्यातलं स्टूल ओढत आणलं आणि झरोक्याखाली नीट टेकवलं.

"चढा," ती म्हणाली. "मी धरते."