अण्णांचा धोंडा

आमच्या रंगारगल्लीत माणूस गेला की तिसऱ्या दिवशी त्याचा धोंडा पालथा घालत. कयाधू नदीच्या काठाला प्रत्येक घराचा एक धोंडा असे. रंगवलेलं कापड त्यावर आपटायचं, नदीत खळबळायचं, पुन्हा आपटायचं. वर्षानुवर्षं एकाच जागी कापड पडून दगडाला खळगा पडतो. तो खळगा जमिनीकडे केला नाही, तर गेलेल्या माणसाच्या हाताला सुट्टी मिळत नाही, असं मानत. पुढच्या पिढीनं दुसऱ्या बाजूवर काम धरायचं. दोन्ही बाजू झाल्या की धोंडा डोहाला द्यायचा. एकेक घर धंदा सोडून गेलं, तसे बाकीचे धोंडे डोहात गेले. काठावर शेवटी माझ्या वडिलांचा, अण्णांचाच उरला.

अण्णा मार्गशीर्षात गेले. राख सावडून आल्यावर शेजारच्या फातिमाबींनी मला धोंड्याची आठवण केली. मी म्हणाले, "नंतर बघू." मी नांदेडला कॉलेजात इतिहास शिकवते, अशा समजुतींवर लिहिलेलं बरंच वाचलं आहे. खरं सांगायचं तर त्या दिवशी नदीकडे बघवत नव्हतं, म्हणून गेले नाही.

चैत्रात फातिमाबींचा फोन आला.

"नंदे, तुझा बाप रोज चार वाजता काम करून राहिला. तू त्याला सुट्टीच देली न्हाई."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुनी सांगाया कशाला पायजे? मला कान न्हाईत का? पन्नास साल ऐकला तो आवाज. दोन फटके, मग थांबनं. दुसऱ्या कुनाचा तसा न्हाई."

दुसऱ्या दिवशी वसमतला बस बदलून मी गावी पोचले.

गल्ली ओळखू येत नव्हती. नदीकाठाच्या सुशोभीकरणाचं काम संपत आलं होतं. सगळ्या दारांना एकच निळा रंग, भिंतींवर रंगाच्या हंड्यांची आणि वाळणाऱ्या लुगड्यांची चित्रं. नदीत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या नव्या होत्या. एकही रंगारी न उरलेल्या गल्लीचं नाव कमानीवर पहिल्यांदाच लिहिलं गेलं होतं.

कामावरचा इंजिनिअर हरीश पुढे आला. गल्लीच्या इतिहासाचा फलक मी लिहून द्यावा, म्हणून तो महिनाभर फोन करत होता.

"बघा मॅडम, तुमच्या वडिलांचा धोंडा. टाकून न्हाई देला. बराबर मधोमध बसवला. परवा उद्घाटन आहे, मजकूर तेवढा द्या."

सगळ्यात खालच्या पायरीत तो बसवलेला होता. खळगा वर. अण्णा डावखुरे, म्हणून खळगाही डाव्या कडेला.

गवंडी थावरा म्हणाला, "चांगली बाजू वर घेतली, ताई. कशी गुळगुळीत हाय. लोकांला बसाया बरी."

त्याला कुणी सांगितलं असतं? सांगायचं माझ्याकडे होतं.

चार वाजता मी वरच्या पायरीवर बसले. ऊन कडक होतं. मजूर लिंबाखाली झोपले होते. आधी पाण्याचा आवाज आला, कापड बुडवल्यासारखा. मग दोन फटके. मग थांबणं.

ते थांबणं मला ठाऊक होतं. चारला शाळा सुटायची. दोन फटके मारून अण्णा मान वर करायचे आणि गल्लीच्या तोंडाकडे बघायचे. मी दिसेपर्यंत, रोज.

खाली कुणी नव्हतं. आवाज थांबल्यावर मी उतरून पाहिलं. खळग्यात पाणी होतं.

"थावरा, इथे पाणी मारलंत?"

"सकाळपून हात न्हाई लावला, ताई. काहून?"

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच तिथे जाऊन चारची वाट बघत बसले. तेवढ्यात मागे फातिमाबी येऊन उभ्या राहिल्या.

"सुट्टी देयाला आलीस का ऐकाया?"

अण्णांच्या शेवटच्या आठ वर्षांत मी एकदाही चार वाजता नदीवर आले नव्हते. सुट्टीत आले तरी दुपारी वाचत पडलेली असे. आता तो आवाज मिळत होता आणि तो बंद करायचं काम माझंच होतं.

"त्याचे खांदे दुखायचे गं," फातिमाबी हळू म्हणाल्या. "तेल लावून देयाची तुझी माय. ती बी गेली."

मी हरीशकडे गेले आणि धोंडा उलटा करून द्या म्हणाले.

"मॅडम, उद्या सकाळी उद्घाटन!"

"म्हणून आजच. त्याशिवाय मजकूर मिळणार नाही."

त्यानं कपाळाला हात लावला. थावरानं मात्र लगेच पहार घेतली. सिमेंटचा माल अजून नीट धरला नव्हता. चौघांनी जोर लावून धोंडा उचलला, कडेवर उभा केला. थावरानं खालची माती हातानं पुसली आणि माझ्याकडे पाहिलं.

"ताई, हिकडं बी खळगा हाय. कोनती वर घेऊ?"

तो खळगा उजव्या कडेला होता. आजोबा माझ्या जन्माआधी गेले. अण्णांनी त्यांना दिलेली सुट्टी इतकी वर्षं खाली होती.

"दोन्ही झाल्या," फातिमाबी म्हणाल्या.

"डोहाला द्या," मी म्हणाले.

"अहो, वारसा जपायचं काम देलं मला," हरीश म्हणाला, "अन् तुमी तोच नदीत ढकलून राहिल्या! फलकाखाली दाखवू काय?"

"रिकामी जागा राहू दे. मी त्या जागेबद्दलच लिहिते."

पायऱ्यांच्या टोकाला डोह आहे. उन्हाळ्यातही आटत नाही. मजुरांनी धोंडा लोळवत तिथवर नेला. शेवटी मी डाव्या खळग्यात हात ठेवला. आत गार होतं. मग ढकलला. तो सरळ गेला. बराच वेळ बुडबुडे येत राहिले.

चार वाजायला थोडाच वेळ होता. मी खालच्या पायरीवर, त्या रिकाम्या चौकोनाशेजारी बसले. फातिमाबीही गुडघे धरत बसल्या. चार वाजून गेले. मशिदीत अजान झाली. लिंबाखालचे मजूर उठले. पलीकडच्या काठावर कुणीतरी म्हशींना हाकललं.

"येतो का आवाज?" फातिमाबींनी विचारलं.

"नाही."

"मग ऊठ. चहा टाकते."

"तुम्ही व्हा पुढे," मी म्हणाले. त्या गेल्यावर मी वळून गल्लीच्या तोंडाकडे पाहिलं. शाळा सुटली होती. पोरी दप्तरं घेऊन घरी चालल्या होत्या.