टॉप मॉडेलचा योग

रविवारी शोरूमचं काचेचं दार उघडायच्या आतच बाहेर माणसं दाटली होती. गाडी घ्यायला आलेले थोडे, किल्लीबाबांना बघायला आलेले जास्त.

आत चकचकीत फरशीवर एकाच मोठ्या सेडानच्या तीन गाड्या उभ्या होत्या. बेस, मिडल आणि टॉप. रंग एक, आकार एक. फरक सगळा आतल्या सोयींचा आणि किमतीचा. यांतली कुठली घ्यावी हे बाबा स्वतः सांगत नसत. ते गिऱ्हाइकाच्या हातात एक लाकडी डबी ठेवत आणि डोळे मिटून म्हणत, "गाडी माणूस निवडते, बाळ. माणूस फक्त सही करतो. डबी छातीशी धर आणि तिघींसमोरून चाल. जी तुझी असेल ती डोळे उघडेल."

टाइल्सचा एक व्यापारी डबी घेऊन चालला. बेस गप्प, मिडल गप्प. टॉप मॉडेलजवळ जाताच मात्र बंद गाडीचे दिवे लागले आणि मिटलेले आरसे आपोआप बाहेर आले. टाळ्यांचा कडकडाट झाला. व्यापाऱ्याने मान वळवून मागे कोण बघतंय ते बघितलं.

मागे त्याचा थोरला साडू होता. दातांचा डॉक्टर. टाळ्या वाजवत होता, पण दोन बोटांनी.

मग डॉक्टरची पाळी. तो चालला. तिन्ही गाड्या ढिम्म. टॉप मॉडेलसमोर तो जरा रेंगाळला, उगाच खाकरलासुद्धा. काही नाही.

"योग आहे, पण झाकलेला आहे," बाबा हळहळले. "मनात मिडल धरून आलास ना? कोत्या मनाला ती ओळख देत नाही. मन मोठं करून ये पुन्हा."

त्या दिवसापासून डॉक्टरच्या पोटात जे दुखायला लागलं, त्यावर त्याच्याकडे औषध नव्हतं. साडू येता-जाता दवाखान्यासमोर गाडी लावायचा आणि दार लोटताना नको तितका आवाज करायचा. पेशंट आ वासून बसलेला, आणि डॉक्टरचं लक्ष खिडकीबाहेर.

"त्याला ओळखते!" तो घरी बायकोला म्हणाला. "टाइल्सवाल्याला! आणि मी जन्मभर लोकांच्या तोंडात हात घालतोय, मला ओळखत नाही!"

"गाडी आहे ती, तुमची आत्या नव्हे," बायको म्हणाली. ती शाळेत विज्ञान शिकवायची.

"टॉपच घेऊ. आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या वर्षी केलं तर नाही का चालणार?"

बायकोने हातातला टॉवेल घडी न घालता तसाच ठेवला. तिची आई आतल्या खोलीत भिंत धरून चालत होती. पावलागणिक ऐकू येत होतं. "ह्या वेळी मीही येते," ती म्हणाली. "आईलाही घेऊ. तिला मागच्या सीटवर बसता येतं का ते तरी बघू."

ह्या खेपेला बाबांनी कफनीच्या दुसऱ्या खिशातून डबी काढली. डॉक्टर चालला आणि टॉप मॉडेलने डोळे उघडले. साडू हे बघायला हवा होता, एवढंच त्याच्या मनात आलं. मॅनेजर पेन घेऊन धावला.

"थांबा हं," म्हणत बायकोने नवऱ्याच्या हातातली डबी घेतली. बाजूला चहाची ट्रॉली उभी होती. डबी कपांच्या मधे ठेवून तिने ती ट्रॉली लांब नेली, तसे गाडीचे दिवे मालवले. मग एक झोकदार धक्का दिला. ट्रॉली खडखडत टॉप मॉडेलपाशी पोचली. दिवे लागले, आरसे उघडले.

"अभिनंदन!" बायको म्हणाली. "ट्रॉलीलाही टॉपचाच योग आहे."

गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं.

"तुमची ऊर्जा तिच्यात उतरली, ताई," बाबा घाईने म्हणाले.

"मग मी नुसतीच जाऊन बघते." तिने ट्रॉली परत मागे नेली, दिवे मालवले. मग बायको रिकाम्या हाताने गाडीला चिकटून उभी राहिली. गाडी झोपलेलीच.

डबीचं झाकण घट्ट चिकटवलेलं होतं. ते डॉक्टरनेच पेनाच्या टोकाने उचकटलं. न उघडणारे जबडे उघडण्यातच त्याचं आयुष्य गेलं होतं. आत कापसात गुंडाळलेली गाडीची किल्ली होती. लोकांनी बाबांना आधीच्या खिशातली डबी काढायला लावली. तिच्यात गोटा.

"ही किल्ली बारीक रेडिओ लहरी सोडते," बायकोने वर्गात सांगावं तसं सांगितलं. "किल्ली जवळ आली की आपोआप दिवे लागतात, आरसे उघडतात. ही सोय फक्त टॉपला आहे, तेव्हा बाकीच्या दोघी जाग्या होणारच नव्हत्या. टॉप घ्यायला आलेल्याला किल्लीची डबी. मिडल विचारणाऱ्याला आधी गोट्याची, म्हणजे तो घरी जाऊन जळतो आणि टॉपसाठी परत येतो."

किल्लीबाबांना नेमका तेव्हाच फोन आला. तो घ्यायला ते बाहेर गेले, ते गेलेच.

सासूबाई तोवर टॉप मॉडेलच्या मागच्या सीटवर बसल्या होत्या. "जावईबापू, डोकं छताला लागतंय हो." सनरूफसाठी छत खाली आलं होतं. मिडलमध्ये त्या ऐसपैस बसल्या, दाराला धरून आपल्या आपण उठल्याही. एअरबॅगा दोन्हींत सारख्याच. मिडल घेतली. ऑपरेशन ठरल्या वेळी झालं.

पण शोरूममधून बाहेर पडताच डॉक्टरने आधी काय केलं असेल, तर साडूला फोन. "साडूबुवा, तुमच्या गाडीने तुम्हाला ओळखलंच नव्हतं! किल्ली होती डबीत!"

"माहीत आहे, दादा," साडू म्हणाला. "किल्ली खिशात ठेवून कचरा टाकायला गेलो, तरी दिवे लागतात. मला दुसऱ्याच दिवशी कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"लग्न झाल्यापासून सासरी तुमचंच कौतुक ऐकतोय. डॉक्टर जावई, डॉक्टर जावई. पहिल्यांदाच तुम्ही माझ्याकडे तसं बघत होतात. बरं वाटत होतं."

"संध्याकाळी घरी या चहाला," डॉक्टर म्हणाला.

वाचकहो, गाडी किल्लीला ओळखते. किल्ली कुणाच्या हातात आहे याचं तिला काही नसतं. कुठलं मॉडेल घ्यावं याचं उत्तर गाडीत बसणाऱ्या माणसांना विचारा, रस्त्यांना विचारा, आपल्या ऐपतीला विचारा. आणि एखाद्या चमत्काराने तुम्हाला शेजाऱ्यापेक्षा मोठं ठरवलं, तर टाळ्या घेण्याआधी डबी उघडून बघा.