आतल्या रांगेतला घोडा

बाहेरच्या घोड्याकडे बघून झालं, तरी कोणी आत बघत नसे. तिथे होतो मी. विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या जत्रेत चिमणदादाचा खांबाभोवती गोल फिरणारा घोड्यांचा पाळणा लागतो, त्यातला तेव्हाचा आतल्या रांगेतला तपकिरी घोडा.

तलासरीच्या एका सुताराने शिवणीच्या एकाच ओंडक्यातून मला आणि त्याला कोरलं. माझे कान त्याच्यापेक्षा सुबक उतरलेत, असं सुतार स्वतः म्हणाला होता. तरी चिमणदादाने त्याला पांढराशुभ्र रंग दिला आणि बाहेरच्या कडेला बसवलं. मला डब्यात उरलेला रंग आणि खांबाजवळची जागा मिळाली. तेव्हापासून तो माझ्या उजव्या डोळ्यासमोर होता.

पाळणा एकच, ढकलायचा दांडा एकच, दोघांची फेरी एकदमच पुरी होते. पण त्याचं वर्तुळ मोठं, माझं लहान. तेवढ्याच वेळात तो जास्त अंतर कापायचा, म्हणून त्याचा वेग जास्त. हे पोरांना शिकवावं लागत नाही. "मला बाहेरचा! बाहेरचा जोरात पळतो!" असं ओरडत ती चढतात. माझ्या वाट्याला यायचं ते एखादं रडकं पोर, नाहीतर कुणाच्या तरी आईची पिशवी.

२०१७ च्या जत्रेत चिमणदादाने माझ्या पाठीवर थाप मारली. मला बरं वाटलं. मग तो म्हणाला, "याच्यावर कोण बसत नाय. जत्रा उठली की याला काढतो आणि प्लास्टिकची गाडी लावतो. पोरांना आता स्टेअरिंग पायजे."

पांढरा ऐकत होता. त्याच्या तोंडावरचं हसू रंगवलेलंच आहे, पण त्या दिवशी ते मला मुद्दाम केल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गर्दी व्हायच्या आधी, चिमणदादाची मुलगी सुषमा आली. ती बारावीत जाणार होती, विज्ञान शाखेला. सोबत तिची मैत्रीण हिरी. जादा तासाला मॅडमनी एक गणित घातलं होतं. फिरत्या चकतीवर दोघी बसल्या आहेत, एक आत, एक बाहेर. आतलीला बाहेरचीचा वेग किती दिसेल? सुषमाने दोघींचे वेग काढून वजाबाकी केली होती. उत्तर चुकलं होतं, आणि का चुकलं ते तिला कळत नव्हतं.

"तू आत बस," असं म्हणून हिरी पांढऱ्यावर चढली. अर्थातच पांढऱ्यावर. सुषमा माझ्यावर बसली आणि चिमणदादाने दांडा ढकलला.

"दिसते का मी पळताना?" हिरीने विचारलं.

"नाय गं. तू आहेस तिथेच आहेस."

"मग उत्तर शून्य. झालं! चल, कुल्फी खाऊ."

"अगं, पण वजाबाकी शून्य येत नाय. तू जोरात जातेस, मी हळू. काहीतरी उरतंच ना."

"मग तुझी वजाबाकी खोटी, मी खरी."

सुषमासमोर देवीचा डोंगर आला, मग हायवेवरचे ट्रक, मग कुल्फीवाला, मग पुन्हा डोंगर. एकदम तिने माझे कान घट्ट धरले.

"हिरे, मी पण वळतेय! वजाबाकीत मी फक्त माझं पुढे जाणं धरलं. माझं तोंड एकाच दिशेला आहे असं समजले. पण घोड्याबरोबर मीही फिरतेय. ते फिरणंही वजा करायला हवं."

मग तिने तोंडीच हिशेब मांडला. पाळण्याचा कोनीय वेग गुणिले दोघींमधलं अंतर. वजाबाकीत जेवढं उरलं होतं, तेवढंच हे आलं. हे त्यातून गेलं आणि शून्य राहिलं.

शून्य! ज्याच्या वेगावर मी इतकी वर्षं जळलो, तो माझ्यापुढे बोटभरही सरकला नव्हता. खरं तर माझा हेवा तिथेच संपायला हवा होता. संपला नाही. कारण पोरं घोडा निवडतात ती जमिनीवरून बघून.

सुषमा उतरली ती थेट वडिलांकडे गेली. "बाबा, या घोड्याला काढू नका."

"का? हा काय तुझ्याबरोबर परीक्षेला बसणार?"

"पांढऱ्याची मान बघा, चीर गेलीय. सगळे त्यालाच लोंबकळतात. हा अजून धड आहे. याला बाहेर लावा, त्याला आत."

चिमणदादाने पांढऱ्याच्या मानेवरून बोट फिरवलं. "बरोबर बोलते पोरगी," तो म्हणाला.

पुढच्या जत्रेत मी पांढरा होऊन बाहेरच्या कडेला उभा राहिलो. "बाहेरचा! बाहेरचा!" म्हणत पोरं माझ्यावर तुटून पडली. तो आता माझ्या डाव्या डोळ्यासमोर होता, मानेला लोखंडी पट्टी मारलेला. मला आणखी काय हवं होतं?

पण सुषमा आली ती धाकट्या मुलींचा घोळका घेऊन, आणि बसली त्याच्यावर. "इथून बघा," ती त्यांना सांगत होती, "बाहेरची पळताना दिसते का?" एकेक मुलगी आळीपाळीने त्याच्यावर बसली. गणित समजावताना सुषमा त्याच्या पट्टी मारलेल्या मानेवर हात ठेवून होती. माझ्यावर हिरी बसली होती, कुल्फी खात.

अजूनही दर जत्रेत ती त्याच्यावरच बसते. सुषमा, एकदा माझ्यावर बसून आत बघ. इथूनही शून्यच दिसतं. मी रोज बघतो.