पहिल्या वर्गातलं घडीचं स्टूल

मी एक जुनं घडीचं स्टूल बोलतोय. चार लोखंडी नळ्या, वर जाड निळ्या कापडाची पट्टी, आणि पाठ टेकायला काहीही नाही. हे शेवटचं आधीच सांगितलेलं बरं, कारण त्यावरून मी आयुष्यभर टोमणे ऐकलेत.

माझा जन्म नाशिकच्या अंबड भागातल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये झाला. नळ्या वाकवल्या, भोकं पाडली, रंग मारला, झालं. कौतुकबिवतुक काही नाही. पुढे नाशिकच्याच द्वारका चौकातल्या एका दुकानाबाहेर मी आठवडाभर लटकत होतो. तिथून महेशने मला बायकोसाठी विकत घेतलं. महेश अंबडला कारखान्यात पाळीवर जातो. त्याची बायको सुवर्णा तेव्हा कल्याणच्या एका सरकारी कार्यालयात कारकून होती. घर मखमलाबादला, मागे झेंडू-शेवंतीचा मळा. मळा सांभाळते सासू गोजराबाई. घरात सगळ्यांत लहान दिशा, आता सहा वर्षांची आहे.

मित्रांनो, नाशिक रोडहून कल्याणला जायला तीन तास आणि यायलाही तेवढेच. सकाळची गाडी मनमाडकडूनच भरून यायची. दुसऱ्या वर्गाच्या डब्यात पासवाल्या बायकांचा ग्रुप होता. त्यांच्या दोन बाकांच्या मधे मला उघडायचं आणि सुवर्णाने बसायचं, असं पाच वर्षं चाललं. काय नाही पाहिलं मी तिथे! वाटाणे सोलले जायचे, वाढदिवसाचे केक कापले जायचे, संक्रांतीचं हळदीकुंकू तर इगतपुरी यायच्या आत उरकायचं. ग्रुपची म्होरकी शुभांगी. तिचं तोंड कसारा घाटातसुद्धा बंद होत नसे.

सुवर्णाने पुस्तक उघडलं की शुभांगी म्हणायची, "अगं, ठेव ते! आधी ही मेथीची वडी खाऊन बघ."

सुवर्णा वडी खायची आणि पुस्तक पिशवीत जायचं.

ते पुस्तक साधंसुधं नव्हतं. ते होतं खात्याच्या परीक्षेचं. पास झाली तर बढती आणि नाशिकच्या कार्यालयात जागा. संधी मिळतात तीन, त्यातल्या दोन वाया गेलेल्या. तिसऱ्यांदा नापास झाली की कल्याणच करत राहायचं. पहाटे पाचला ती घर सोडायची तेव्हा दिशा झोपलेली, रात्री यायची तेव्हाही झोपलेली. मुलीच्या पांघरुणाशी ती जरा वेळ उभी राहायची, एवढीच मायलेकींची भेट. मला लोखंडाला फारसं काही वाटत नाही, पण ते बघवायचं नाही.

दसऱ्याला झेंडूला भाव चांगला मिळाला. गोजराबाई सुनेला म्हणाली, "पहिल्या वर्गाचा पास काढ. निवांत बस, वाच. वरच्या पैशाचं मी बघते."

झालं, माझी रवानगी दाराआड झाली. कुणी माझ्यावर फुलांची पाटी ठेवली, कुणी ओली पोती वाळत घातली. मांजरीने तर मला आपलं अंथरूणच करून टाकलं. मला राग आला, खोटं कशाला बोलू? पाच वर्षं वजन पेललं मी, आणि सुख आलं तेव्हा मऊ सीट!

पाच-सहा आठवडे गेले. एका रविवारी जेवताना गोजराबाईने विचारलं, "किती झालं गं वाचून?"

सुवर्णाचा घास हातातच राहिला. डोळे भरून आले. "आई, मी तिथं झोपते."

"रोज?"

"रोज. जाताना पण आणि येताना पण. सीट मऊ, हवा गार, कुणी एक शब्द बोलत नाही. पहिलं पान उघडते आणि कल्याणलाच जागी होते. परवा तर पार ठाण्याला गेले होते. तुमचे पैसे मी झोपेत घालवले."

महेश म्हणाला, "मग जुन्या डब्यात जा ना परत."

"तिथं शुभांगी वाचू देईल होय?"

मला वाटलं, आता म्हातारी कडाडणार. पण गोजराबाई शांतपणे म्हणाली, "चारला उठती ती. झोप नाय लागनार तर काय हुईल? तिचं काय चुकलं नाय." मग ती उठली, मांजरीला हुसकलं, मला दाराआडून ओढून काढलं आणि दोन थपडा मारून धूळ झाडली. "हे ने संगती. मी बाजारात पहाटंपासून पाटावर बसते, कधी डोळा लागला का माझा? पाठ टेकली की मानूस गेलंच."

"अहो आई, पहिल्या वर्गात स्टूल? लोक हसतील."

"हसू दे की. हसून तुला कोन नापास करनार हाय?"

अशा रीतीने, मित्रांनो, मी पहिल्या वर्गात शिरलो. दाराजवळ, दिव्याखाली मला मांडलं. लोक वर्तमानपत्रावरून बघायचे. पहिल्याच दिवशी टीसी आला. "मॅडम, तुमची सीट तर रिकामी आहे."

"माहीत आहे. तिथं बसले की झोप लागते मला."

त्याने पास बघितला, तिच्याकडे बघितलं, माझ्याकडेही बघितलं. पास परत दिला आणि पुढे गेला. पुढच्या आठवड्यापासून मात्र जाता जाता विचारायचा, "कितवं प्रकरण?"

तिची कंबर दुखायची. डुलकी आली की ती कलंडायची आणि दचकून जागी व्हायची. एकदा तर दाराच्या कडीवर कपाळ आपटलं, टेंगूळ आलं. मला वाईट वाटलं, पण पान उलटलं गेलं. चार महिने आम्ही असे काढले.

त्या डब्याचे जादा पैसे वसूल झाले का? मला कुणी विचारत नाही, तरी सांगतो. गादीचे नाही झाले, शांततेचे झाले. पण पहिल्या वर्गात तिच्या कपाळाचं टेंगूळ कुणाला दिसलं नाही. त्याच संध्याकाळी फलाटावर शुभांगीला लांबून दिसलं, आणि ती धावत औषध घेऊन आली.

परीक्षा झाली, निकाल लागला. सुवर्णा पास झाली. कल्याणच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी ती मला घेऊन मुद्दाम दुसऱ्या वर्गात बसली. पेढे वाटले, शुभांगी रडली आणि रडतानाही बोलत होती.

आता माझ्या एका पायाचं रबर गेलंय, कापड उसवलंय. माझी एकच विनंती आहे. ज्या वस्तूने कुणाला जागं ठेवलं, तिला भंगारात देण्याआधी एक टाका घालून बघा. आणि घरात कुणी दमून झोपलं असेल तर त्याच्यावर आधी रागावू नका, ते चारला उठलं होतं का ते विचारा.

नाशिकच्या कार्यालयातल्या पहिल्या दिवशी सुवर्णा सकाळी सातला ओट्यावर माझ्यावर बसून चहा पीत होती. दिशा डोळे चोळत बाहेर आली आणि उंबऱ्यावरच थबकली.

"आई, आज रविवार आहे?"

"नाही गं, सोमवार."

"मग तू गेली नाहीस?"

"जाईन ना. आधी तुला शाळेत सोडणार, मग जाणार."

दिशाने क्षणभर तिच्याकडे बघितलं. मग ती मळ्याकडे धावत सुटली. "आजी! ए आजी! आज सोमवार हाय, आन् आई घरी हाय!"